मॅडम, ओळखलंत का?

रात्रीचे साडेअकरा. समोर लॅपटॉप, लॅपटॉपवर नोकरीचा ऑनलाइन फॉर्म आणि बाजूला गार झालेली कॉफी. नाव, शिक्षण, अनुभव... सगळं चकाचक भरून झालं होतं. पाचव्या पानावर गाडी अडली. 'दोन रेफरन्स द्या. त्यातला एक अ‍ॅकॅडमिक हवा, शक्यतो तुमच्या प्रबंधाचे गाईड.'

झाला ना पोपट!

फ्रीलान्सरला बॉस नसतो, हे एरवी आम्ही कॉलर ताठ करून सांगतो. पण बॉस नाही म्हणजे 'ही मुलगी कामाची आहे' असं लेटरहेडवर लिहून देणारंही कुणी नाही, हे असा फॉर्म भरताना कळतं. एका जुन्या संपादकांनी फोनवर लगेच होकार दिला, एक चौकोन भरला. दुसऱ्या चौकोनात एकच नाव येऊ शकत होतं. माझ्या मास कॉमच्या गाईड मॅडम. ज्यांच्याशी मी गेल्या सहा वर्षांत एकदाही धड बोलले नव्हते.

व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. आमचं अख्खं संभाषण एका स्क्रीनमध्ये मावत होतं. २०२० चा शिक्षक दिन: माझ्याकडून गुलाबाचं फूल, तेही फॉरवर्डेड. त्यांच्याकडून जोडलेले हात. २०२१ चा शिक्षक दिन: तेच फूल, तेच हात. त्यानंतर शांतता. आता त्या फुलाखाली काय लिहायचं? 'मॅडम, ओळखलंत का? एक काम होतं'?

तुम्हीही कधी ना कधी या चौकोनापाशी अडकला असाल. परदेशातल्या एमएससाठी, पोस्टडॉकसाठी, एखाद्या फेलोशिपसाठी, किंवा माझ्यासारखं 'दर महिन्याच्या एक तारखेला पगार' या स्वप्नासाठी. आणि मग आपला सगळ्यांचा आवडता खेळ सुरू होतो. 'उद्या करू.' मी तो चार दिवस खेळले.

दाखला, वशिला आणि तिसरं काहीतरी

का टाळत होते? एक म्हणजे लाज. कामापुरती आठवण काढणारी माणसं आपल्याला आवडत नाहीत, आणि इथे ते माणूस आपणच असतो. दुसरं कारण जरा मोठं आहे, ते पुढे सांगते. पण तिसरं कारण असं, की मला नक्की काय मागायचंय हेच डोक्यात क्लिअर नव्हतं.

आपल्याला या लाइनीतल्या दोन गोष्टी लहानपणापासून माहीत असतात. पहिली, दाखला. नगरसेवकाच्या ऑफिसातून आणतात तो. राजपत्रित अधिकाऱ्याचा सही-शिक्का लागतो तो. 'माझ्या माहितीप्रमाणे यांची वर्तणूक चांगली आहे.' सही करणाऱ्यानं आपल्याला त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा तेही मान वर न करता. दाखला खोटा असतो असं नाही, पण तो रांगेतल्या कुणालाही लागू पडतो.

दुसरी गोष्ट वशिला. 'काका, जरा शब्द टाका ना!' यात आपल्याला काय येतं, काय नाही, याला काडीची किंमत नसते. वजन असतं ते काकांचं.

रेफरन्स या दोन्हींत बसत नाही. मराठीत त्याला शिफारसपत्र म्हणतात, पण मला विचाराल तर त्याला जवळचा शब्द 'साक्ष'. तुम्हाला जवळून काम करताना पाहिलेल्या माणसानं, स्वतःचं नाव खाली लिहून, फक्त तुमच्याबद्दलच खरी असलेली एखादी गोष्ट सांगायची. बस, एवढंच.

यावर दोन भारी किस्से आहेत. पहिला आइनस्टाइनचा. १९०० साली झ्युरिकच्या पॉलिटेक्निकमधून पठ्ठ्या बाहेर पडला. तिथल्या प्राध्यापक वेबर यांच्याशी त्याचं अजिबात पटायचं नाही. अर्जावर अर्ज केले, नकारावर नकार आले. यामागे वेबर सरच आहेत असा त्याला दाट संशय होता. शेवटी मार्सेल ग्रॉसमन या मित्राच्या वडिलांनी बर्नच्या पेटंट ऑफिसच्या संचालकांकडे शब्द टाकला आणि १९०२ मध्ये साहेब कामाला लागले. होय, आइनस्टाइननंही वशिला लावला होता!

दुसरा किस्सा रामानुजनचा. १९१२ साली त्यानं मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. पदवी नाही, कॉलेजच्या परीक्षेत नापास. पण सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचं शिफारसपत्र होतं. त्यांनी रामानुजनला आज्ञाधारक, होतकरू वगैरे म्हणून वाटेला लावलं नाही. गणितातली या पोराची कुवत अगदी असामान्य आहे, असं सांगितलं. १ मार्च १९१२ ला रामानुजन महिना ३० रुपयांवर रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्यानं केंब्रिजच्या हार्डींना ते प्रसिद्ध पत्र पाठवलं. कारकुनाच्या नोकरीसाठीसुद्धा कुणीतरी नेमकं तेच लिहिलं होतं, जे त्याच्याबद्दलच खरं होतं.

मे महिना, स्वारगेट

पाचव्या दिवशी मेसेज टाकला. रात्री नाही, सकाळी अकरा वाजता, दहा वेळा खोडून.

'नमस्कार मॅडम. मी २०१९ च्या बॅचची. सायंदैनिकांच्या वाचकांवर तुमच्याकडे प्रबंध केला होता. एका नोकरीसाठी अ‍ॅकॅडमिक रेफरन्स लागतोय, त्याबद्दल भेटायला येऊ का? तुम्हाला योग्य वाटलं नाही तर मोकळेपणानं नाही म्हणा.'

दोन निळ्या टिक. दहा मिनिटं काहीच नाही. मग उत्तर आलं: 'गुरुवारी ३ वाजता. डिपार्टमेंटला.'

ना स्मायली, ना जोडलेले हात. टेन्शन!

गुरुवारी पोचले. तोच जिना, तोच नोटीस बोर्ड. मॅडमचे केस आता पूर्ण पांढरे. टेबलावर यंदाच्या बॅचच्या प्रबंधांचा ढीग, काळं बायंडिंग आणि सोनेरी अक्षरं. 'बस. चहा घेणार ना?'

आता ते दुसरं कारण. प्रबंधासाठी मला शंभर वाचकांकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या होत्या. स्वारगेटचा एसटी स्टँड, शिवाजीनगर स्टेशन, डेक्कनचा बसस्टॉप. मे महिना, ऊन मरणाचं, लोक हाड्‌तुड् करून हाकलायचे. त्र्याऐंशी झाल्या. उरलेल्या सतरा मी हॉस्टेलच्या खोलीत पंख्याखाली बसून स्वतःच भरल्या. चार वेगवेगळी पेनं घेतली. अक्षर बदललं. वय ४५, व्यवसाय रिक्षाचालक. वय ६२, निवृत्त. काय सॉलिड डोकं चालवलंय, असं वाटून रात्री स्वतःलाच मस्तानी पाजली.

मॅडमनी गठ्ठा चाळला. पाच मिनिटांत कागद बाजूला काढले. मोजले. सतरा.

'या लोकांनी एकही रकाना रिकामा सोडलेला नाही,' त्या म्हणाल्या. 'खऱ्या माणसाची बस येते गं. तो अर्धवट सोडून पळतो.'

ओरडल्या नाहीत. 'पुढे काय करायचं ते तू ठरव,' एवढंच बोलल्या. त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रात्री आधी मला त्यांचाच राग आला, मग रडू आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वारगेट. सतरा नाही, सगळ्या शंभर प्रश्नावल्या मी नव्यानं केल्या, कारण आधीच्या त्र्याऐंशींमध्येही कुठे कुठे आपण 'जरा नीट' करून घेतलंय, याचा मलाच भरवसा उरला नव्हता. सबमिशन वेळेत झालं, मार्क बरे पडले, आणि मग मी जी गायब झाले ती थेट शिक्षक दिनाच्या गुलाबापुरती उरले.

आणि आता मी अर्ज करत होते ती नोकरी कसली? गावोगाव फिरून लोकांच्या मुलाखती घ्यायच्या आणि माहिती गोळा करायची! 'रेफरन्स देणाऱ्यांना आम्ही उमेदवाराच्या प्रामाणिकपणाबद्दल विचारू,' असं जाहिरातीतच लिहिलेलं. बोला आता.

'मेहनती' खोडलं

मी फाइल पुढे केली. जाहिरात, सीव्ही, प्रबंधाचा एक पानी सारांश आणि 'तुमच्या सोयीसाठी काही मुद्दे': मेहनती, नम्र, वक्तशीर, टीम प्लेअर.

मॅडमनी पेन काढलं आणि 'मेहनती'वर काट मारली. 'हे मी दर वर्षी सगळ्या वर्गाला लिहू शकते. नम्र? तू भांडायचीस माझ्याशी. वक्तशीर?' त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी चहात बघितलं.

नंतर कळलं, की 'मेहनती' हा शब्द दिसतो तितका निरागस नाही. २००३ मध्ये दोन संशोधक स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका मेडिकल कॉलेजात प्राध्यापकांच्या जागांसाठी आलेली तीनशेहून जास्त शिफारसपत्रं त्यांनी तपासली होती. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीनं आखूड निघाली. त्यांत शंका उत्पन्न करणारी वाक्यं जास्त होती, आणि कष्टाळूपणाचं कौतुकही जास्त. थोडक्यात, तिनं काय शोधलं यापेक्षा ती किती राबते याचीच चर्चा! मुलींनो, स्वतःचे मुद्दे स्वतः लिहून देताना आपणही हेच करतो. मी केलंच होतं.

जर्मनीत तर याची सांकेतिक भाषाच झाली आहे. तिथे नोकरी सोडताना कंपनीकडून प्रमाणपत्र मिळणं हा कायद्यानं हक्क आहे, आणि त्यात वाईट लिहायची सोय नाही. मग 'हे कायम प्रयत्नशील होते' असं लिहितात. कळणाऱ्याला कळतं, की गड्याला जमलं काहीच नाही!

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. 'तुझ्याबद्दल मला पक्की माहीत असलेली गोष्ट एकच आहे. ती लिहू?'

'स्वारगेट?'

'स्वारगेट. तू सतरा खोट्या भरल्यास हे लिहीन. मी एक शब्द न सांगता तू शंभरच्या शंभर परत केल्यास, हेही लिहीन. पहिलं गाळून दुसरं लिहिता येत नाही. नको असेल तर दुसरं कुणी बघ. मी मनात काही ठेवणार नाही.'

दुसरं कुणी होतं की! प्रत्येक कॉलेजात एक सर असतात. 'तूच टाइप करून आण, मी सही ठोकतो.' माझ्या दोन मित्रांनी अशाच एका सरांकडून, एकाच फेलोशिपसाठी, पत्रं आणली होती. दोघांनीही नेटवरचा एकच नमुना उचललेला. दोघंही 'अत्यंत दुर्मिळ बुद्धिमत्तेचे', दोघंही 'माझ्या कारकिर्दीत पाहिलेले सर्वोत्तम विद्यार्थी', तेही एकाच बॅचमध्ये. दोघांनाही मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, आणि का आलं नाही हे सांगायला कुणी फोन करत नाही.

मी बाहेर जाऊन नळाचं पाणी प्यायले. खरं सांगू? पाच मिनिटं मी त्या सही ठोकणाऱ्या सरांचाच विचार करत होते. मग वाटलं, या सहा वर्षांत माझ्याबद्दल कुणाला इतकं नेमकं काही माहीत आहे का? संपादकांना माझी डेडलाइन माहीत आहे. मैत्रिणींना माझे ब्रेकअप माहीत आहेत. मी चुकल्यावर काय करते, हे फक्त आतल्या खोलीत बसलेल्या एका बाईंना माहीत होतं.

आत जाऊन म्हटलं, 'लिहा मॅडम.'

फंडे क्लिअर करून घ्या!

माझ्या या सगळ्या धावपळीतून जे कळलं, ते तुमच्यासाठी थोडक्यात:

• आधी विचारा, मग नाव टाका. गाईडचा ईमेल परस्पर फॉर्ममध्ये भरणं म्हणजे न विचारता कुणाच्या घरी मुक्कामाला जाणं. बऱ्याच फॉर्ममधून त्यांना आपोआप लिंक जाते, आणि त्यांना आश्चर्याचा धक्का बसतो.

• प्रश्न नीट विचारा. 'रेफरन्स द्याल का?' याला कुणीही भिडेखातर हो म्हणतं. 'माझ्या कामाबद्दल ठामपणे लिहिता येईल इतकं तुम्हाला आठवतंय का?' असं विचारलं, की समोरच्याला सुटायला वाट मिळते. आढेवेढे दिसले तर आभार मानून निघा. कोमट पत्रापेक्षा स्पष्ट नकार परवडला.

• निदान तीन आठवडे आधी जा. परीक्षा, पेपर तपासणी आणि अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तर आणखी आधी.

• विशेषणं देऊ नका, प्रसंग द्या. जाहिरात, सीव्ही, प्रबंधाचा सारांश, शेवटची तारीख आणि पत्र हवं की फोन येणार की लिंक, हे सगळं एका मेलमध्ये. 'तूच लिहून आण' असं म्हणाले, तर पत्राऐवजी घडलेल्या चार-पाच गोष्टी लिहून द्या.

• ईमेल तपासा. काही ठिकाणी जीमेलचा पत्ता चालत नाही, संस्थेचाच लागतो. माझ्या मॅडमचा संस्थेचा मेल त्या आठवड्यातून एकदा उघडतात, आणि लिंक नेमकी स्पॅममध्ये जाऊन बसली होती. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी सापडली. आठवण करायला लाजू नका.

• अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीला अर्ज करताना 'हे पत्र वाचण्याचा हक्क सोडता का?' असा प्रश्न येतो. १९७४ च्या तिथल्या एका कायद्यानं विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहायचा हक्क दिलाय, त्याच्याशी हा प्रश्न जोडलेला आहे. सहसा तो हक्क सोडण्याचाच सल्ला देतात, कारण मग लिहिणारा मोकळेपणानं लिहितो आणि वाचणाराही त्यावर विश्वास ठेवतो.

• निकाल कळवा. नोकरी लागली तरी, नाही लागली तरी. तुमच्यासाठी कुणीतरी आपला वेळ आणि आपलं नाव खर्च केलेलं असतं.

रिकामा रकाना

मुलाखतीला बोलावणं आलं! समोर तीन जण. नमस्कार-चमत्कार झाले आणि पहिलाच प्रश्न: 'त्या सतरा प्रश्नावल्यांचं काय झालं होतं?'

कान गरम झाले. पण सांगितलं सगळं. चार पेनं, पंखा, रिक्षाचालक, निवृत्त गृहस्थ. 'खऱ्या माणसाची बस येते' हे वाक्य सांगितलं, तेव्हा टेबलाच्या टोकाला बसलेल्या बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मग पंधरा मिनिटं आम्ही फक्त रिकाम्या रकान्यांबद्दल बोललो. लोक कुठला प्रश्न टाळतात, का टाळतात, आणि टाळलेलं उत्तर हेही उत्तरच कसं असतं. इतक्या वर्षांत एवढी चांगली मुलाखत मी कधी दिली नव्हती.

नोकरी लागली का? नाही. ग्रामीण भागात काम केलेला, माझ्यापेक्षा जास्त अनुभवाचा उमेदवार मिळाला, असा मेल दोन आठवड्यांनी आला. खाली एक जास्तीची ओळ होती: 'पुढच्या वर्षी जागा निघाली तर जरूर अर्ज करा.' अशी ओळ सगळ्यांनाच टाकतात, हे मला माहीत आहे. तरी मी तो मेल डिलीट केलेला नाही.

त्याच संध्याकाळी मॅडमना फोन केला. मेसेज नाही, फोन. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

'बरं. पुढचा अर्ज कुठे करतेयस?'

'अजून ठरलं नाही, मॅडम.'

'ठरव. लेटर तयार आहे, फक्त तारीख बदलायची आहे.' मग जरा थांबून म्हणाल्या, 'आणि हो, या शिक्षक दिनाला ते फूल पाठवू नकोस. चहाला ये.'